दोस्तीचा करार आणि वऱ्हाडचे गहाण

सावड म्हणजे काय, हे कास्तकाराला सांगावे लागत नाही. तुमच्याकडे एक बैल, शेजाऱ्याकडे एक. दोघांची जोडी जुळवायची, आज तुमचे वावर वाहायचे, उद्या त्याचे. कागद नाही, स्टँप नाही, पण हिशेब दोघांच्याही ध्यानात पक्का. गहाण म्हणजे काय, हेही सांगावे लागत नाही. अडचणीच्या साली सावकाराकडे गेलेले वावर किती पिढ्यांनी परत येते, आणि कधी कधी येतच नाही, याच्या गोष्टी आपल्याकडे घरोघर ऐकू येतात.

आज मला जो विषय मांडायचा आहे तो वरवर पाहता फार मोठा व दूरचा आहे. दोन राष्ट्रे दोस्ती करतात, तेव्हा त्या दोस्तीच्या दोराला साधारणपणे तीन पेड असतात. पहिला पेड संरक्षणाचा : तुझ्यावर संकट आले तर माझे सैन्य तुझ्या मदतीला. दुसरा पैशाचा : व्यापार, रेल्वे, धरणे, कर्जे. तिसरा संस्कृतीचा : भाषा, शिक्षण, यात्रा, माणसांचे जाणे-येणे. हे तीनही पेड सारख्या पिळाचे असले तर दोर वर्षानुवर्षे टिकतो. एकच पेड ताणला गेला तर तोच दोर दुबळ्याच्या गळ्याला लागतो.

आता कोणी म्हणेल, हे दिल्लीतल्या माणसांचे काम, खेड्यातल्या माणसाला त्याचे काय? पण वाचकहो, आपले वऱ्हाड हेच या विषयाचे एक मोठे उदाहरण आहे. दोन दोस्त सरकारांच्या करारापोटी आपला हा सगळा मुलूख १८५३ साली एकाने दुसऱ्याच्या ताब्यात दिला, आणि तो पुढे त्या दोस्ताच्या हातून कधी सुटलाच नाही. ती हकीकत आज आपण नीट समजून घेऊ.

ही गोष्ट सुरू होते हैदराबादेत. १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. एका बाजूला मराठे, दुसऱ्या बाजूला म्हैसूरचा टिपू, आणि दरबारात फ्रेंच सरदार रेमंड याने उभी केलेली कवायती फौज, अशी निजामाची अवस्था होती. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला त्या फ्रेंच फौजेचे भय वाटत होते. दोघांनाही गरज होती. म्हणून १७९८ साली दोघांचा करार झाला. फ्रेंच फौज मोडायची, तिच्या जागी इंग्रजांची तैनाती फौज ठेवायची, आणि खर्च निजामाने द्यायचा असे ठरले.

पुढे १८०० साली ही दोस्ती आणखी घट्ट करण्यात आली. तैनाती फौजेच्या खर्चाबद्दल निजामाने बेल्लारी, कडप्पा वगैरे भागांतला मुलूख कंपनीला कायमचा तोडून दिला. बदल्यात कंपनीने त्याच्या राज्याच्या रक्षणाची हमी घेतली. मात्र यापुढे निजामाने कंपनीला विचारल्यावाचून परक्या दरबाराशी बोलणी करावयाची नाहीत, अशी अट पडली. म्हणजे रक्षण मिळाले, पण बोलण्याची मोकळीक गेली. याच करारात आणखी एक कलम होते. युद्ध उद्भवले तर निजामाने आपल्या फौजेपैकी ६ हजार पायदळ आणि ९ हजार घोडदळ मदतीला द्यावे, असे ते कलम. हे कलम ध्यानात ठेवा. पुढचा सगळा गुंता यातूनच झाला.

या दोस्तीचा पहिला फायदा निजामाला झाला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्या काळी वऱ्हाडात दोअमली होती, म्हणजे महसुलाचा एक वाटा निजाम घेई आणि एक नागपूरकर भोसले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा भागातल्या अडगावला मोठी लढाई झाली. जनरल वेलस्लीने तेथे भोसले व शिंदे यांच्या फौजा हटविल्या. लगेच १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख भोसल्यांनी सोडला, आणि तो इंग्रजांनी १८०४ साली आपल्या दोस्ताला, निजामाला दिला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे भोसल्यांकडे राहिले होते. तेही १८२२ साली निजामाकडे आले. अशा रीतीने वऱ्हाडची दोअमली संपली ती इंग्रजांच्या दोस्तीमुळे. आणि बघा, त्याच दोस्तीने पन्नास वर्षांच्या आत वऱ्हाड निजामाच्या हातून काढूनही घेतले.

ते कसे घडले? युद्धाच्या वेळी निजामाची जी फौज यावयाची, ती कवायतीत कच्ची, हत्यारांत जुनी, अशी इंग्रजांची तक्रार होती. म्हणून रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात निजामाच्याच पैशाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, एक नवी फौज उभी राहिली. हीच पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून प्रसिद्ध झाली. १८१७ साली महिदपूरच्या लढाईत तिने इंग्रजांच्या बाजूने कामही केले. पण लढाया संपल्या, पेंढाऱ्यांचा बंदोबस्त झाला, तरी ही फौज मोडली गेली नाही. करारात शब्द होता युद्धाचा. फौज मात्र शांततेतही बारमाही राहिली. १८०० च्या करारात या कायमच्या फौजेला आधार नाही, हे पुढे खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसीने लिहून ठेवले आहे. तरी पगाराची मागणी दरमहा चालूच राहिली.

येथे आपण एक गोष्ट नीट वेगळी करू या, कारण शाळेच्या पुस्तकांत या दोन फौजांची गल्लत होते. तैनाती फौज ही कंपनीची; तिचा खर्च मुलूख तोडून देऊन एकदाच मिटविलेला. कंटिंजंट ही नावाने निजामाची. पण तिचे अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, आणि पगार निजामाच्या खजिन्यातून. घरचा गडी, पण कामाला शेजाऱ्याच्या वावरात. आणि मजुरी मात्र आपणच द्यायची, असा हा प्रकार.

खजिन्यात पैसा नसला की कर्ज येते. हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी नावाची सावकारी पेढी १८१४ च्या सुमारास निघाली. युरोपियनांनी संस्थानिकांना कर्ज देऊ नये असा कायदा होता. पण या पेढीला १८१६ साली गव्हर्नर जनरलकडून खास परवानगी मिळाली. व्याजाचा दर शेकडा २४-२५. फौजेचा पगार पेढीने भागवायचा, आणि त्यापोटी वऱ्हाडासारख्या भागांचा महसूल पेढीला लावून द्यायचा, असे व्यवहार सुरू झाले. शेवटी १८२३ साली हे देणे निवारण्यासाठी, उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामाला दरसाल जी सुमारे ७ लाखांची पेशकश देत असे, ती कायमची मोडण्यात आली. म्हणजे व्याजापायी दरसालचे उत्पन्नही गेले. पुढे पेस्तनजींच्या पारशी पेढीकडेही वऱ्हाडचा महसूल असाच लावून दिला गेला. याच पेढीने १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मोठ्या प्रमाणावर मुंबईला पाठविण्यास सुरुवात केली. कापसाची वाट आणि कर्जाची वाट आपल्या मुलखात अशी एकदमच पडली आहे.

पगार थकला की कंपनी आपल्या पदरचे पैसे भरी आणि निजामाच्या नावावर मांडी. थकबाकी वाढत गेली. अखेर २१ मे १८५३ रोजी निजाम नासिरुद्दौला याने नाइलाजाने करारावर सही केली. कंटिंजंटच्या कायमच्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिव-नळदुर्गाकडचा मुलूख कंपनीच्या ताब्यात देण्यात आला. त्या उत्पन्नातून किमान ५ हजार पायदळ, २ हजार घोडदळ आणि तोफखान्याच्या ४ बॅटऱ्या ठेवायच्या. दरसाल हिशेब द्यायचा. आणि खर्च भागून शिल्लक राहील ती निजामाला परत करायची. डलहौसीला हा मुलूख कायमचा हवा होता. निजामाने तो शब्द करारात येऊ दिला नाही. मालकी निजामाची, वहिवाट कंपनीची. आता हे ताबेगहाण नाही तर दुसरे काय?

काही वर्षांपूर्वी दर्यापूरकडच्या एका गावी वाचनालयात मी हीच हकीकत सांगत होतो. मागे बसलेले एक वृद्ध कास्तकार उठले आणि म्हणाले, "सर, वावर गहान ठेवलं हे समजलं. पन त्या वावरात राहनाऱ्या मानसाईले कोनं इचारलं होतं काय?" मी क्षणभर गप्प झालो. कारण त्या सबंध कागदात कोठेही, हैदराबादच्या बाजूनेही नाही आणि कलकत्त्याच्या बाजूनेही नाही, वऱ्हाडच्या माणसांना विचारल्याची खूण नाही. हा प्रश्न आपण शेवटपर्यंत बरोबर ठेवू.

वऱ्हाडला आता इंग्रजी दप्तरात नवे नाव पडले : हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स, म्हणजे हैदराबादने लावून दिलेले जिल्हे. पूर्व वऱ्हाडचे ठाणे अमरावती, पश्चिम वऱ्हाडचे अकोला. कंटिंजंटची एक छावणी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला होती. शेजारचे परतवाडा त्या छावणीच्याच आधाराने वाढले.

१८५७ साली हैदराबादचा दिवाण सालारजंग याने इंग्रजांची बाजू सोडली नाही. कंटिंजंटच्या पलटणी मध्य हिंदुस्थानात इंग्रजांसाठी लढल्या. त्याचे बक्षीस म्हणून १८६० च्या करारात रायचूरचा दुआब आणि धाराशिव निजामाला परत मिळाले, सुरापूरचे संस्थान मिळाले, आणि सुमारे ५० लाखांचे जुने देणे माफ झाले. वऱ्हाड मात्र राहिलेच. आणि त्या करारात एक बारीक कलम घुसले : यापुढे जमाखर्चाचा हिशेब मागावयाचा नाही, शिल्लक राहील ती मात्र देऊ. वाचकहो, ज्याच्या ताब्यात वावर, त्याच्याच हातात वही, आणि मालकाने वही मागायची नाही! कारभाराचा खर्च किती करावा याला मग बांध राहिला नाही, आणि शिल्लक फार थोडी पडते अशी हैदराबादची तक्रार पुढे चालूच राहिली.

आता पैशाचा पेड पाहू. या काळात वऱ्हाडात बरेच काही झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. रयतवारी पद्धतीने जमिनीची मोजणी झाली, सातबाराच्या आधीची पक्की दप्तरे तयार झाली. १८६७ साली भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी रेल्वे नागपूरला पोचली. १८७० साली जलंब ते खामगाव हा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते सुरू झाला. १८८६ साली कारंज्याला नियमाने चालणारा कापूसबाजार निघाला, आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी खास कायदा झाला. देशातल्या आजच्या बाजार समित्यांचा मूळ पुरुष म्हणून याच कायद्याकडे बोट दाखवितात.

पण रेल्वे कोणाच्या सोयीने आली? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळले. ज्वारीची वावरे कापसाकडे वळली होती ती वळलेलीच राहिली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या सालांत दुष्काळ पडला, तेव्हा पांढरे सोने खाता येत नाही हे माणसांना कळून चुकले. दोन दोस्तांच्या करारातून आलेली समृद्धी खरी होती, पण तिचा कासरा गावाच्या हातात नव्हता.

संस्कृतीच्या पेडाची गोष्ट याहून निराळी आहे. सरकारांनी सीमा आखली ती पैनगंगेची. अलीकडे इंग्रजांचा अंमल, पलीकडे निजामाचा. पण दोन्ही काठांवर मराठीच बोलत होते. अलीकडच्या पोरी पलीकडे दिल्या जात, माहूरच्या यात्रेला इकडून गाड्या जात, ओव्या आणि अभंग दोन्हीकडे एकच. हा पेड कोणत्याही करारात लिहिलेला नव्हता. तो माणसांनी वळला होता, म्हणून तो तुटला नाही. निजामी अमलात १९४७-४८ साली रझाकारांचा जाच वाढला, तेव्हा पलीकडची माणसे आश्रयाला आली ती वऱ्हाडातच.

आता या गहाणाची सुटका कशी झाली नाही, ते ऐका. सालारजंग हा हुशार आणि चिवट मुत्सद्दी. त्याने इंग्रजांना सुचविले की कंटिंजंटचा खर्च व्याजातून भागेल एवढी मोठी रक्कम आम्ही अनामत ठेवतो, वऱ्हाड परत द्या. सावकाराला आणखी काय हवे? १८७६ साली तो विलायतेला जाऊन आला. पण निजाम अजून अज्ञान आहे, तो वयात येईपर्यंत हा विषय नको, असे उत्तर मिळाले. सालारजंग १८८३ साली वारला. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झन हैदराबादला जाऊन निजाम महबूब अली खान याला भेटला, आणि त्याच साली ५ नोव्हेंबरला नवा करार झाला. वऱ्हाडचा कायमचा पट्टा इंग्रजांकडे, आणि निजामाला दरसाल २५ लाख रुपये. १८५३ साली जो शब्द येऊ दिला नव्हता, तो पन्नास वर्षांनी आला. आणि गंमत पाहा. ज्या कंटिंजंटच्या पगारासाठी हे सगळे झाले, ती कंटिंजंट १९०३ साली हिंदी सैन्यात मिसळून टाकली गेली. कारण संपले, गहाण राहिले. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडण्यात आला.

पहिल्या महायुद्धात निजामाने इंग्रजांना मोठी मदत केली. त्याबद्दल १९१८ साली उस्मान अली खान याला 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त' असा किताब मिळाला. त्या किताबाच्या भरवशावर १९२३ साली त्याने वऱ्हाड परत मागितले. मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगचे उत्तर आले. त्याचा आशय असा, की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे, आणि कोणत्याही संस्थानिकाने तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करण्याचा हक्क सांगू नये. सव्वाशे वर्षांच्या दोस्तीचा खरा अर्थ असा एका पत्रात उघडा पडला. १९३६ साली आणखी एक करार होऊन निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणू लागले. नाव वऱ्हाडचे, पण वऱ्हाडात त्याची सत्ता कवडीची नाही.

माणसांचे काय झाले? वऱ्हाड हे कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थान नव्हतेच. निजामाची मालकी होती ना! त्यामुळे १९१९ च्या सुधारणांनंतर मध्यप्रांताच्या कायदे कौन्सिलात वऱ्हाडचे प्रतिनिधी मतदारांनी आधी निवडून द्यायचे आणि मग सरकारने त्यांना 'नेमायचे', अशी अजब रीत पडली. निवडून आलेला माणूसही कागदावर नेमलेलाच. तरी वऱ्हाडी माणूस बोलायचा थांबला नाही. १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, शंकरन नायर अध्यक्ष होते आणि स्वागताध्यक्ष आपले दादासाहेब खापर्डे. तेथपासून स्वातंत्र्याच्या चळवळीत वऱ्हाड मागे राहिले नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानचा प्रश्न मिटला, आणि २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झाले. त्या दिवसापासून वऱ्हाडचा नागरिक कोणाच्याही करारातली बाब राहिला नाही. गहाण सुटले ते पैसे फेडून सुटले नाही. सावकार आणि मालक या दोघांचीही सत्ता संपली, आणि वावर कसणाऱ्याचे झाले.

आता आजच्या जगाकडे वळू. स्वतंत्र भारत स्वतः मोठा दोस्त झाला, तेव्हा त्याने काय केले, हे आपण ताडून पाहिले पाहिजे. उदाहरण भूतानचे घेऊ. ८ ऑगस्ट १९४९ रोजी दार्जिलिंगला भारत-भूतान करार झाला. त्यात भारताने देवनगिरी भागातला ३२ चौरस मैलांचा मुलूख भूतानला परत दिला. दोस्ताची जमीन घेण्याऐवजी ती परत देऊन दोस्तीला आरंभ झाला, ही मोठी गोष्ट आहे. मात्र परराष्ट्र व्यवहारात भूतानने भारताच्या सल्ल्याने चालावे, असे एक कलम त्यातही होते. आपल्या १८०० च्या कराराची आठवण यावी असे. ते कलम २००७ साली दोघांनी मिळून काढून टाकले. त्याऐवजी, राष्ट्रहिताच्या बाबतीत परस्परांशी सहकार्य करू आणि आपली भूमी दुसऱ्याच्या अहितासाठी वापरू देणार नाही, असे लिहिले. येथे मोठ्याने आपला हात स्वतःहून सैल केला.

पैशाचा पेड पाहा. भूतानमधला चुखा हा ३३६ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प भारताच्या पैशाने उभा राहिला. शेकडा ६० अनुदान, शेकडा ४० कर्ज. त्यातली वीज भारत विकत घेतो, आणि त्या पैशातून भूतानला मोठे उत्पन्न मिळाले. प्रकल्पही पुढे भूतानच्याच हाती सोपविण्यात आला. पण नंतरच्या काही प्रकल्पांत कर्जाचा वाटा वाढला, बांधकामे वर्षानुवर्षे रेंगाळली, आणि तिकडच्या लोकांत काळजी सुरू झाली. ही काळजी आपण समजून घेतली पाहिजे. ज्या मुलखाने स्वतः गहाण सोसले, त्याने शेजाऱ्याच्या कर्जाकडे सावकाराच्या नजरेने पाहू नये.

सुटकेच्या कलमाचे महत्त्व जपानच्या उदाहरणाने कळते. १९५१ च्या करारान्वये अमेरिकेचे सैन्य जपानात राहिले. पण जपानचे रक्षण करण्याची स्पष्ट जबाबदारी त्या कागदात नव्हती, आणि दोघांच्या संमतीवाचून तो मोडण्याची वाटही नव्हती. १९६० साली करार नव्याने केला. रक्षणाची जबाबदारी लिहिली गेली, आणि दहा वर्षांनंतर कोणाही एकाने एक वर्षाची सूचना देऊन करार संपवावा, अशी मोकळीक ठेवली. तो करार अजून चालू आहे. दार उघडे असूनही दोघे घरात बसले आहेत.

शिक्षक बंधू-भगिनींना माझी एक विनंती आहे. वर्गात हा विषय शिकविताना सनावळी फळ्यावर जरूर लिहा. पण त्याबरोबर चार प्रश्नही लिहा. फौजेवर हुकूम कोणाचा? हिशेबाची वही कोणाकडे, आणि ती दुसऱ्याला पाहता येते का? करारातून सुटण्याची वाट कोणती? आणि चौथा, दर्यापूरकडच्या त्या वृद्ध गृहस्थांचा : जेथे हे सगळे घडणार, तेथल्या माणसांना कोणी विचारले का? १८५३ चा करार या चार प्रश्नांवर घासून पाहा, मग भूतानचा पाहा, मग आज वर्तमानपत्रात येणारा कोणताही करार पाहा. मुलांना राजकारण पाठ करावे लागणार नाही. ते आपोआप उमगेल.

आणि कास्तकार बंधूंनो, हे चार प्रश्न राष्ट्रांपुरतेच आहेत असे नाही. सहकारी सोसायटी असो, कापूस विकत घेणारी कंपनी असो, की बियाण्याचा करार असो, अंगठा किंवा सही करण्याआधी हेच चार प्रश्न विचारावेत. बोलण्यात सावड आणि कागदात गहाण, असा प्रकार आपल्या मुलखाने एकदा सोसला आहे. त्याची किंमत तीन-चार पिढ्यांनी भरली. ती अक्कल आता आपल्या घरची आहे. ती मुलाबाळांना देऊन ठेवू या.